दार लाकडाचं नाहीये, हे पॉलिशवाल्याला आधी सांगा

घरदुरुस्ती: वाचकांचे प्रश्न

या वेळी दारांचीच पत्रं जास्त आलीत. दिवाळी झाली की दरवर्षी असंच होतं, सणाच्या घाईत करून घेतलेलं पॉलिश डिसेंबरपर्यंत आपले गुण दाखवायला लागतं. नेरूळचं पत्र सविस्तर घेते कारण बाकीच्या निम्म्या लोकांची उत्तरं त्यातच आहेत, उरलेली थोडक्यात.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं नेरूळला सिडकोचं रो-हाऊस आहे, मेन दार पश्चिमेला. आधीचं सागवानी दार दर पावसाळ्यात फुगायचं, खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी फायबरचं बसवलं, सागाच्या रंगाचं, वर लाकडासारख्या रेषा असलेलं, आल्यागेल्याला लाकूडच वाटायचं. तीन-चार वर्षं छान होतं मग रंग विटल्यासारखा दिसायला लागला. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी पॉलिशवाल्याला बोलावलं, त्याने पेपर मारून दोन हात मेलामाइन मारलं, एकदम चकाचक झालं, मी फोटो पण टाकले सगळ्यांना. होळीपर्यंत पोपडे सुटायला लागले आणि या पावसाळ्यानंतर तर दाराचा खालचा भाग पांढरा पडलाय, वरचा फूटभर मात्र बरा आहे. गंमत म्हणजे 'शुभ लाभ'चं स्टिकर त्याने न काढता भोवतीनंच पॉलिश मारलेलं, ते परवा मी काढलं तर खाली सहा वर्षांपूर्वीचा तोच गडद रंग! सासूबाई म्हणतात दारच बदला, मिस्टर म्हणतात ऑइल पेंट मारून मोकळी हो, पॉलिशवाला म्हणतो दारच खराब निघालं. आता नक्की काय करायचं? (नेरूळहून एक वाचक)

उत्तर: दार खराब नाहीये. काय झालंय ते तुमच्या स्टिकरनेच सांगितलंय, मी फक्त नीट उलगडून सांगते.

फायबरचं दार म्हणजे दोन्ही बाजूंना काचतंतू आणि पॉलिस्टर रेझिनचं कवच, आत पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, आणि कडेनं बहुतेक वेळा लाकडाच्या पट्ट्या. वरच्या त्या लाकडासारख्या रेषा साच्यातच उमटवलेल्या असतात. आता खरं लाकूड स्टेन, म्हणजे रंग चढवणारं द्रावण, पितं, फायबर एक थेंबसुद्धा पीत नाही. मेंदी हातात मुरते आणि कुंकू कपाळावर नुसतं बसतं, तेवढा फरक आहे दोन्हींत. तुमच्या दारावरचा सागाचा रंग हे कुंकू आहे, रेषांच्या खाचांत बसलेलं, आणि त्याला धरून ठेवणारा आणि उन्हापासून वाचवणारा म्हणजे वरचा क्लिअर कोट, पारदर्शक थर. बस्स, एवढंच संरक्षण. तो कोट उन्हातल्या अतिनील किरणांनी हळूहळू कुजतो, आधी चमक जाते, मग हाताला पिठासारखं लागतं, मग तो सुटतो आणि मग त्याखालचा रंग उघडा पडून भराभर उडतो. स्टिकरच्या खाली ऊन पोचलंच नाही म्हणून तिथे सहा वर्षांपूर्वीचा रंग जसाच्या तसा. वरचा फूटभर बरा आहे तोही त्यामुळेच, तिथे छज्जाची सावली पडते. हा हिशोब खाली ठाण्याच्या काकांच्या पत्रात येणार आहे.

म्हणजे तीन-चार वर्षांनी रंग विटल्यासारखा दिसायला लागला तेव्हा खरं तर फक्त धुऊन, हलकं घासून, वर बाहेरच्या उन्हाला चालणारा क्लिअर कोट मारला असता तर काम एका सुट्टीत झालं असतं. तेव्हाच नेमकं मेलामाइन मारलं गेलं. मेलामाइन वाईट नाही हो, कपाटाला, डायनिंग टेबलाला झकास आहे, पण ते घरातलं पॉलिश. वाळल्यावर कडक होतं, लवत नाही, आणि त्यात ऊन अडवणारं काही नसतं. दार दुपारी तापून प्रसरण पावतं, रात्री आकसतं, वरची कडक पापडी सोबत जात नाही मग ती तडकते, तडकलेल्या जागेतून पाणी शिरतं आणि पोपडे. त्यात खाली खडबडीत पकड नीट नसेल तर आणखी लवकर. लाखेचं स्पिरिट पॉलिश मारलं असतं तर ते पहिल्याच पावसात पांढरं पडलं असतं, एवढंच समाधान. पॉलिशवाल्याला मी दोष पण देत नाही फार, त्याने हाताखाली आयुष्यभर लाकूड पाहिलंय, समोर लाकूड दिसलं, त्याने लाकडाचं काम केलं. दार लाकडाचं नाहीये हे त्याला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता तुमच्या दाराचं. आधी नक्की किती गेलंय ते बघा. ओल्या फडक्याने पांढरा भाग पुसा, ओला असताना सागाचा रंग परत उमटला तर स्टेन शाबूत आहे, फक्त वरचा कोट मेलाय. ओलं करूनही फिकट पिवळट किंवा राखाडी दिसलं तर स्टेनच गेलाय. मग चांगली चिकटपट्टी घेऊन जिथे बरं दिसतंय तिथे दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा, पट्टीबरोबर पापुद्रे आले तर तिथलंही धरलेलं नाही, ते आज ना उद्या सुटणारच. आणि बोट फिरवताना बारीक केसासारखं टोचलं, खाज आली, तर रेझिन झिजून काचेचे तंतू वर आलेत, तशा ठिकाणी स्टेनचा नाद सोडायचा, सरळ प्राइमर आणि रंग.

तुमच्या वर्णनावरून मेलामाइन सगळंच काढावं लागणार, अर्धं ठेवून अर्ध्यावर काही मारू नका. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. ठाण्याला आमच्या गच्चीच्या फायबरच्या दारावर असंच जुनं पॉलिश होतं, मी दुकानातून थिनर आणलं, फडकं भिजवून दाराला लावून ठेवलं आणि आत चहा टाकायला गेले. परत येऊन फडकं ओढलं तर पॉलिश जरा जरा निघालं होतं पण खालचा पृष्ठभागच चिकट झाला होता, बोटाचा ठसा उमटत होता, आणि वाळल्यावर तिथे वितभर चट्टा राहिला तो राहिलाच. पुढे वर्षभर त्या दारावर मोठ्ठं तोरण होतं आणि लोक म्हणायचे किती हौशी आहात. तर थिनर, अॅसिटोन, आणि तो डब्यातला पेंट रिमूव्हर, विशेषतः मिथिलीन क्लोराइडवाला, फायबरवर नको. मेलामाइन वाळताना रासायनिकरीत्या पक्कं होतं त्यामुळे थिनरने ते विरघळतही नाही धड, फायबरच आधी रडतं. हीट गन पण नको, कवच फुगतं आणि आतला फोम सुटतो.

मग काढायचं कसं? जे सुटलंय ते प्लॅस्टिकच्या पट्टीनं, जुनं एटीएम कार्डसुद्धा चालतं, आडवं धरून खरवडा, निम्मं तसंच निघेल. उरलेलं ३२० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून, रेषांच्या दिशेनं, हलक्या हाताने. जोर लावायचा नाही, कारण त्या रेषा म्हणजेच तुमचं लाकूड, त्या एकदा घासून सपाट झाल्या की परत येत नाहीत, गुळगुळीत जागेवर पुढे स्टेन थांबतच नाही. मशीन तर अजिबात हातात घेऊ देऊ नका कोणाला. खाचांत भांडी घासायचा हिरवा स्क्रबर आणि जुना टूथब्रश. स्क्रबर नवीनच काढा, सिंकवरचा नको, त्यात तेल असतं. तारेची घासणी पण नको, तिचे कण रेषांत अडकतात आणि तुमच्याकडे खाडीची खारी हवा, पहिल्या पावसात गंजाचे ठिपके. पाणी लावूनच घासायचं म्हणते कारण कोरडं घासलं की फायबरची बारीक धूळ उडते, अंगाला दोन दिवस खाजवत बसाल, मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालाच.

त्यानंतर भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, साध्या पाण्याने दोनदा खळखळून धुवा, मिठाचा अंश राहिला तर वरचं काहीच धरत नाही. काळी बुरशी असेल तर एक भाग ब्लीच तीन भाग पाणी, पाच मिनिटं ठेवून स्वच्छ धुवायचं, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर वगैरे काही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मग पूर्ण एक दिवस वाळू द्या.

स्टेन कुठला, तर जेल स्टेन. साधा पातळ स्टेन लाकडात मुरावा म्हणून बनवलेला असतो, फायबरवर तो ओघळतो. जेल स्टेन श्रीखंडासारखा घट्ट असतो, जिथे ठेवाल तिथे बसतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे सहसा मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो, आणि दुकानदार 'ताई हे पण तेच आहे' म्हणून दुसरा डबा पुढे करेल तेव्हा डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. लावायची पद्धत अशी की मऊ सुती फडक्यावर, जुन्या बनियनइतकं चांगलं काही नाही, थोडासा घ्यायचा, आधी रेषांना आडवा चोळून खाचांत भरायचा आणि मग कोरड्या मऊ ब्रशनं रेषांच्या दिशेनं अलगद ओढत आणायचं, जणू पिठावरून पीस फिरवताय. दर दोन-चार फटकाऱ्यांनी ब्रश फडक्याला पुसा. गडद हवं असेल तर जाड थर नाही द्यायचा, वाळल्यावर दुसरा पातळ हात द्यायचा. आधी आतले चौकोन, मग त्यांच्यामधली उभी पट्टी, मग आडव्या पट्ट्या, शेवटी दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे जोड जिथे खऱ्या सुतारकामात असतो तिथेच दिसतो. तुमचा मूळ रंग कुठला हा प्रश्नच नाही, स्टिकरखालचा तो चौकोन नमुना म्हणून ठेवा, त्याच्याशी जुळवत जा. तो शेवटपर्यंत घासू नका. सगळं जुळलं की मग त्याच्यावर फक्त हिरवा स्क्रबर हलका फिरवा.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची आणि लोक हीच विसरतात. स्टेनचं तेलकट फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना स्वतःच गरम होतं आणि बोळा असेल तर आपोआप पेट घेऊ शकतं, काडी लावावी लागत नाही. फडकी दोरीवर सुटी पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका, मग फेका.

स्टेन एक-दोन दिवस वाळू द्या, हवा दमट असेल तर जास्त. पांढरा रुमाल घासून बघायचा, रंग लागला तर थांबायचं. मग क्लिअर कोट, आणि इथे पैसे वाचवू नका. डब्यावर 'एक्स्टिरिअर' म्हणजे बाहेरचा आणि 'यूव्ही' म्हणजे अतिनील किरण अडवणारा, हे दोन्ही शब्द हवेत. पीयू घेतलंत तर पीयूमध्येही आतलं आणि बाहेरचं असं वेगळं असतं, आतल्याचा हार्डनर, म्हणजे ते कडक व्हावं म्हणून मिसळतात तो दुसरा डबा, उन्हात पिवळा पडतो. शिवाय दोन डब्यांचं कडक पीयू काही वेळा खालच्या तेलकट स्टेनला उचलतं, दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून दाराच्या खालच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही तिथे वीतभर जागेत आधी स्टेन आणि वर कोट लावून दोन दिवस वाट बघा. हे दोन दिवस वाचवायला जाऊन लोक महिनाभर घासत बसतात. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात. डबा हलवायचा नाही, काडीनं ढवळायचा, हलवला की बुडबुडे दारावर येतात. सॅटिन म्हणजे मंद चमकेचा घ्या, चकचकीत ग्लॉस उन्हात प्रत्येक ओरखडा दाखवतो, आणि सॅटिनचा साका तळाशी बसतो म्हणून प्रत्येक वेळी तळापासून ढवळा. एका बाजूला तीन हात म्हटले तरी साधारण सात बाय तीन फुटांच्या दाराला अर्धा लिटर पुरतो, चार लिटरचा डबा गळ्यात मारून घेऊ नका. दाराची वरची आणि खालची कड विसरू नका, तिथेच आतलं लाकूड उघडं असतं आणि तिथूनच पाणी पितं, वरच्या कडेला हात लावायला एक आरसा धरून बघा, बहुतेकांच्या दाराची ती कड जन्मापासून कोरीच असते. आणि चौकटीची रबर पट्टी आधी काढून ठेवा, नाहीतर ओलं दार तिला चिकटेल आणि सकाळी उघडताना सगळी मेहनत पट्टीवर.

वेळ कधीची? आत्ताची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे पॉलिशचे महिने, लोक मात्र दिवाळीआधी म्हणजे ऑक्टोबरात करतात, तेव्हा सकाळी कडकडीत ऊन आणि संध्याकाळी परतीचा पाऊस, ओल्या हवेत क्लिअर कोटावर दुधाळ झाक येते ती जात नाही. तुमचं दार पश्चिमेला म्हणजे सकाळी सावलीत, हे नशीबच समजा. दव सुकलं की आठच्या सुमारास सुरू करा आणि अकरापर्यंत हात आवरा, दुपारी ऊन यायच्या आत तो हात वरवर वाळलेला हवा. उन्हात तापलेल्या दारावर मारलं तर ब्रश ओढला जातो, वरचं कातडं आधी सुकतं आणि खालचं द्रावण वाफ होऊन फोड आणतं. दुपारी समोर दोरीला जुनी चादर टांगा, दाराला टेकवू नका फक्त. जमलं तर बिजागऱ्या सोडवून दार दोन स्टुलांवर आडवं घ्या, ओघळ येत नाही, पण ते मेन दार आहे, रात्री परत चढवावं लागेल, तर घरात दोन माणसं असतील त्याच दिवशी. हँडल, लॅच, नावाची पाटी, तोरणाचे खिळे सगळं काढूनच, टेप लावून भोवतीनं नाही, स्टिकरभोवतीच्या पॉलिशचं काय झालं ते बघितलंत ना.

आता मिस्टरांचं. ते पूर्ण चुकीचं म्हणत नाहीयेत. क्लिअर कोट पारदर्शक, त्यातून थोडंफार ऊन खाली जातंच, रंगात मात्र रंगद्रव्य असतं, ते छत्रीसारखं ऊन अडवतं, त्यामुळे पश्चिमेच्या दाराला अपारदर्शक रंग स्टेनपेक्षा जास्त वर्षं टिकतो हे खरंच आहे. पण ऑइल पेंट नको, तोही उन्हात ठिसूळ होऊन भुकटी सोडतो. प्लॅस्टिकला धरणारा प्राइमर आणि वर बाहेरचा अॅक्रिलिक रंग, फिकट छटेतला, गडद चॉकलेटी दार दुपारी हात लावू देत नाही एवढं तापतं. म्हणजे निवड अशी की लाकडाचं रूप हवं तर दर दीड-दोन वर्षांनी क्लिअर कोटचा एक हात मारायची तयारी ठेवा, कटकट नको तर रंग. मी तुमच्या जागी असते तर स्टेनच केला असता, पण मला हौस आहे आणि मिस्टरांना मी विचारलं नसतं.

सासूबाईंना सांगा दार बदलायची गरज नाही. नवीन दारही त्याच भिंतीत, त्याच उन्हात बसणार आहे.

प्रश्न: ठाण्यात वसंत विहारला आमचं तळमजल्याचं घर आहे, दार दक्षिणेला, तेही फायबरचं आणि लाकडी रंगाचं. वर दोन फुटांचा छज्जा आहे. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये मी न चुकता दारासमोर हिरवी नेट बांधतो आणि पावसाळ्याआधी काढतो तरीही रंग गेला. नेट कमी पडते का? (एक निवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर: काका, नेट उत्तम आहे, महिने चुकले. शून्य सावलीचा दिवस तुम्ही बघितला असेलच, आपल्याकडे मेच्या मध्यावर एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर दुपारी ऊनच नाही. आणि एप्रिलमध्येसुद्धा तो इतका उंच असतो की दोन फुटांचा छज्जा सगळं दार सावलीत ठेवतो. तुम्ही नेट बांधून छज्जाचीच ड्यूटी करत होतात.

खरं ऊन तुमच्या दाराला थंडीत लागतं. डिसेंबरात ठाण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, दक्षिणेकडे कललेला. त्या कोनात दोन फुटांच्या छज्जाची सावली भिंतीवर दोन फूट आणि वर दोन-एक इंच एवढीच उतरते. सात फुटांचं दार, त्यातलं पाच फूट सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडं, आणि हवा गार म्हणून आपल्याला कळतही नाही. तर नेट ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर बांधा.

हाच हिशोब नेरूळच्या ताईंच्या पश्चिमेच्या दाराला लावला तर तिथे छज्जा जवळजवळ बिनकामाचाच. मार्चच्या उत्तरार्धात सूर्यास्ताच्या दोन तास आधी सूर्य फक्त २८ अंशांवर असतो, दोन फुटांचा छज्जा तेव्हा भिंतीवर जेमतेम फूटभर सावली देतो, म्हणून त्यांचा वरचा फूटच बरा राहिला. पश्चिमेला आडवं काही उपयोगाचं नाही, समोरून पडदा हवा, बांबूची चिक किंवा एखादं कढीपत्त्याचं वाढलेलं कुंडीतलं झाड, चालेल काहीही.

एक अडचण तुम्हाला मात्र येणार, पॉलिशचे चांगले महिने आणि तुमच्या दाराच्या उन्हाचे महिने एकच आहेत. त्यामुळे नेट आधी, ब्रश नंतर, आणि नेट दारापासून हातभर लांब, म्हणजे वारा खेळेल आणि धूळ ओल्या कोटावर चिकटणार नाही.

प्रश्न: खारघरला नवीन फ्लॅट, दाराला ऊन पूर्वेच्या पॅसेजच्या जाळीतून सकाळी येतं, फार तर दोन-तीन तास. धूळ येते म्हणून आम्ही जाळीच्या सेफ्टी डोअरला आतून पारदर्शक अॅक्रिलिक शीट लावून घेतलं. वर्षभरात आतल्या फायबरच्या दारावर फोड आलेत आणि एक पट्टी वाकल्यासारखी वाटते. दोन तासांच्या उन्हाने एवढं होतं का?

उत्तर: उन्हाने नाही, शीटने. बंद काचेची कार उन्हात कशी होते तेच तुम्ही दोन दारांच्या मध्ये बनवलंय. ऊन आत येतं, गरम हवा बाहेर पडत नाही, आणि मधल्या चार इंचांत दार भाजून निघतं. शीट वरून आणि खालून चार-चार बोटं कापून घ्या नाहीतर सरळ काढून बारीक मच्छरजाळी लावा. वाकलेली पट्टी बहुतेक दारावर बसवलेली प्लॅस्टिकची सजावटीची मोल्डिंग असेल, ती स्क्रू काढून बदलता येते, पूर्ण दार नाही बदलावं लागत. फोड मात्र आधी थंड होऊ द्या आणि एक फोडून बघा, खाली नुसता क्लिअर कोट सुटलाय की कवच, कोट असेल तर वर नेरूळला सांगितलंय तेच करा. कवचच फोमपासून सुटलं असेल आणि दाबल्यावर पोकळ वाजत असेल तर खर्च करू नका, दार बनवणाऱ्याला गॅरंटीचा कागद दाखवा, पण शीट लावलेली असताना ते मान्य करतील का, मला शंकाच आहे. कागद वाचा, बहुतेकांत त्याचा उल्लेख असतो.

प्रश्न: ऐरोलीहून. दाराला आठ महिन्यांपूर्वी बाहेरचा यूव्हीवाला कोट मारून घेतलाय, छान आहे. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दाराला हळदीकुंकवाची बोटं लावायची आहेत, डाग राहतील का? आणि दार पुसायचं कशाने?

उत्तर: हळदीचा डाग राहतो, कुंकवाचाही रेषांच्या खाचांत बसतो. उंबरठ्याला लावा, दारापेक्षा मान उंबरठ्याचाच जास्त. दारावर लावायचंच असेल तर त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. हळद उन्हात आपोआप फिकी पडते म्हणून घाबरू नका, कुंकू पडत नाही. पुसायला साधं पाणी आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, महिन्यातून एकदा. खोबरेल तेल चोळून चमकवू नका, बऱ्याच जणी करतात, पुढच्या वेळी कोट त्यावर धरणार नाही आणि मला परत पत्र येईल.